रोटोवाल्याला कॅमेऱ्यासमोर बसवा

सुपरहिरोच्या सिनेमाची डिस्क घरी आणली की मी सिनेमा नंतर बघतो. आधी तिच्यावरचा ‘पडद्यामागे’ हा भाग उघडतो. अलीकडे तो उघडला की संताप येतो. दिग्दर्शक खुर्चीत बसून सांगतो की नायक किती नम्र आहे. नायक सांगतो की दिग्दर्शकाची दृष्टी किती थोर आहे. निर्माता सांगतो की सेटवर सगळे एका घरातले असल्यासारखे राहिले. मग नायकानं काही महिने काय खाल्लं, काय सोडलं, पहाटे उठून किती वजन उचललं याची कौतुकं. मग हिरव्या पडद्यापुढे तारेला लटकलेला नायक दिसतो, एक उभी रेघ पडद्यावरून डावीकडून उजवीकडे सरकते आणि तोच नायक ढगांतून उडू लागतो. शेवटी चुकलेल्या संवादांवर सगळ्यांचं हसणं. झालं. चित्रपट कसा तयार झाला हे आपल्याला दाखवून झालं, असं या लोकांचं म्हणणं आहे.

माझं भांडण त्या सरकणाऱ्या रेघेशी आहे. अर्ध्या सेकंदात ती ज्यावरून सरकते, तिथे शेकडो माणसांचे महिने पुरलेले असतात. तारेवरचा माणूस आणि ढगांतला माणूस यांच्यामध्ये जे काही घडलं, तेच तर पडद्यामागचं होतं. नेमकं तेवढंच कापून टाकायचं आणि उरलेल्या भागाला ‘पडद्यामागे’ म्हणून विकायचं, ही फसवणूक आहे. ती मुद्दाम केलेली आहे आणि आपण ती पैसे मोजून विकत घेतो.

मी लोणी काळभोरला राहतो. सोलापूर रस्त्यावरचं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असतं ते तेल कंपन्यांच्या डेपोंमुळे, टँकरच्या रांगांमुळे, रामदऱ्याच्या देवळामुळे आणि पुण्यातून निघाल्यावर तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला येते त्यामुळे. सिनेमावाल्यांना ते आणखी एका कारणानं ठाऊक असतं. मुळा-मुठेच्या काठी इथे राज कपूर यांची राजबाग होती. १९७८ च्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरण या बागेत झालं. पुढे ही जागा एमआयटी संस्थेकडे गेली, आता तिथे विद्यापीठ आहे, राज कपूर यांचं स्मारक आहे, आणि ॲनिमेशन, डिझाइन, चित्रपट शिकायला देशभरातून आलेली पोरं आहेत. संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर उभं राहिलात तर पाठीला लॅपटॉपची पिशवी लावलेली ही पोरं मार्व्हल आणि डीसीवर वाद घालताना ऐकू येतील. त्यामुळे या विषयावर मी बोलतो ते लांबून बोलत नाही.

माझा भाचा शहरातल्या एका स्टुडिओत रोटो करतो. एकदा रविवारी घरी आला होता, मी अशीच एक डिस्क लावली होती. नायिका वाऱ्यात उभी आहे आणि मागे शहर कोसळतंय असा शॉट आला. दिग्दर्शक सांगत होता की या प्रसंगात नायिकेच्या डोळ्यांत त्याला काय दिसलं. भाचा म्हणाला, “मामा, असले केस मी तीन आठवडे कापलेत.” मी विचारलं, “याच सिनेमाचे?” तो गप्प बसला. मग म्हणाला, “ते सांगता येत नाही. सही केलीय.” माझ्या घरात, माझ्या समोर, चहा पिता पिता त्याला स्वतःच्या कामाचं नाव घेता येत नव्हतं. आणि पडद्यावर तो दिग्दर्शक डोळ्यांविषयी बोलतच होता.

रोटो म्हणजे काय हे त्या डिस्क सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. नायिका रस्त्यावर उभी आहे, तिच्यामागे कोसळणारं शहर नंतर घालायचं आहे. त्यासाठी नायिका मागच्या रस्त्यापासून वेगळी काढावी लागते. हिरवा पडदा असेल तर संगणक बरंच काम करतो, पण पडदा सगळीकडे लावता येत नाही, आणि लावला तर त्याची हिरवी झाक गालांवर, केसांवर उतरते. मग एक माणूस बसतो आणि तिच्या कडेनं बिंदू ठेवत रेषा ओढतो. डोकं वेगळं, मान वेगळी, दंड वेगळा, कोपरापुढचा हात वेगळा, एकेक बोट वेगळं. सेकंदाला २४ चौकटी. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चौकटी, आणि या सगळ्या चौकटींत ती रेषा शरीराबरोबर सरकली पाहिजे. हात वेगानं फिरला की त्याची कड धूसर होते, त्या धूसरपणालाही बेतशीर कड द्यावी लागते. केसांची एकेक बट वेगळी धरावी लागते. दोन चौकटींत जरी रेषा ढळली तरी पडद्यावर कड थरथरते, क्लायंटची कमेंट येते, शॉट परत येतो. नीट झालं तर कोणालाच काही दिसत नाही. या कामाचं यशच असं आहे की ते दिसू नये, आणि याच गोष्टीचा गैरफायदा घेऊन ते करणाराही दिसू दिला जात नाही.

रोटोच्या शेजारी पेंट. नायक ज्या तारेला लटकलेला तुम्हाला हौसेनं दाखवतात, ती तार पुसायची असते. नुसती पुसून भागत नाही. तारेमागे जे आभाळ किंवा जी भिंत झाकली गेली होती ती तिथे पुन्हा रंगवावी लागते, प्रत्येक चौकटीत. चेहऱ्यावर चिकटवलेल्या खुणा पुसायच्या, चष्म्यात उमटलेला कॅमेरा पुसायचा, चुकून दिसलेला कोणाचा तरी बूट पुसायचा. आणि मॅचमूव्ह: खरा कॅमेरा कुठून कसा हलला याचा हिशोब लावून संगणकातला कॅमेरा तस्साच हलवायचा, नाहीतर रचलेला राक्षस जमिनीवर उभा न राहता घसरत राहतो. ही तीन कामं म्हणजे सगळ्या दृश्य परिणामांचा पाया. ती मोठ्या प्रमाणावर भारतात येतात आणि त्याचं कारण मजुरी स्वस्त पडते हेच आहे. त्याला जागतिक सहकार्य वगैरे गोंडस नावं द्यायची काही गरज नाही.

मार्व्हलच्या अनेक चित्रपटांचं थ्रीडीमध्ये रूपांतर करणाऱ्या स्टिरिओडी या अमेरिकी कंपनीनं आपलं एक केंद्र पुण्यात उघडलं होतं. साध्या कॅमेऱ्यानं घेतलेल्या चित्राला खोली द्यायची म्हणजे प्रत्येक चौकटीतली प्रत्येक वस्तू कापून काढायची, ती किती पुढे किती मागे ते ठरवायचं, आणि ती सरकवल्यावर मागे पडलेलं भोक भरून काढायचं. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० चौकटी असतात. मुंबईत प्राइम फोकसनं हेच काम करत करत २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हला आपल्यात विलीन करून घेतलं, आणि आज डीएनईजी या नावानं तो जगातल्या मोठ्या स्टुडिओंपैकी एक आहे. म्हणजे हॉलिवूडचा सुपरहिरो गेली कित्येक वर्षं आपल्या शेजारच्या इमारतीत उडतोय. पुण्या-मुंबईतली, साताऱ्या-सोलापूरहून आलेली पोरं रात्रपाळीत त्याला उडवतायत. मी त्या डिस्कवर त्यांना शोधत राहिलो. पहाटे तीन वाजता पडद्यासमोर बसलेला असा एक चेहरा मला कुठे दिसला नाही.

शेवटच्या नामावळीत नावं असतात, असं मला सांगितलं जातं. असतात, पण सगळ्यांची नसतात. कंत्राट घेणाऱ्या कंपनीला अनेकदा ठरावीक नावांचा कोटा मिळतो. ज्यांनी काम केलं त्यातली काही नावं त्यात बसतात, बाकीची गळतात. ज्यानं तीन आठवडे केस कापले त्याच्या आईला थिएटरमध्ये दिवे लागेपर्यंत बसूनही मुलाचं नाव दिसत नाही. आणि दिसलं तरी नाव म्हणजे काम दाखवणं नव्हे. नायकाच्या आहारतज्ज्ञाला डिस्कवर चार मिनिटं मिळतात.

हे दडवणं का चालतं? काम दिसलं की कामाची किंमत विचारली जाईल, म्हणून. २०१३ चं उदाहरण घ्या. ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीनं ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवला. याच कंपनीनं २००८ च्या ‘द इनक्रेडिबल हल्क’वर काम केलं होतं. तिची मुंबईत आणि हैदराबादेत मोठी केंद्रं होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. पुरस्कार घ्यायला आलेला बिल वेस्टनहॉफर व्यासपीठावरून कंपनीच्या अवस्थेविषयी बोलू लागला तेव्हा ‘जॉज’चं संगीत वाजवून त्याचा आवाज बुडवला गेला आणि माइक बंद झाला. सभागृहाबाहेर शेकडो कलाकार निदर्शनं करत होते. साऱ्या जगानं पाहिलेला तो प्रसंग आहे. जिवंत वाघाइतका खरा वाघ बनवणारी माणसं पगाराविना उभी होती, आणि बक्षीस देणाऱ्यांना त्यांचं बोलणं सहन झालं नाही.

त्यानंतर काही सुधारलं का? २०१७ च्या ‘जस्टिस लीग’मध्ये सुपरमॅनची मिशी पुसायची वेळ आली, कारण हेन्री कॅव्हिलनं दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवली होती आणि त्या सिनेमावाल्यांनी ती काढू दिली नाही. दोन बड्या स्टुडिओंच्या हट्टापायी कोणीतरी रात्री जागून माणसाचा वरचा ओठ चौकटीमागून चौकट नव्यानं बनवला. ओठ विचित्र दिसला, जगभर हसं झालं, आणि हसं कोणाचं झालं? इफेक्टवाल्यांचं. हट्ट धरणाऱ्यांचं झालं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या सेटवरच्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमतानं संघटनेच्या बाजूनं कौल दिला. चांगली गोष्ट झाली. पण ती अमेरिकेतल्या सेटवर उभ्या असलेल्या माणसांची. पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत बसलेल्यांचा त्यात समावेश नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही इफेक्टची बडी कंपनी कोसळली तेव्हा बंगळुरूतल्या हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. यातलं काही आपल्याला त्या ‘पडद्यामागे’त दिसणार आहे का? नायकाच्या दंडाचा घेर तेवढा दिसेल.

मला ऐकवलं जातं की हा भाग पहिल्यापासून जाहिरातच होता, त्याच्याकडून एवढी अपेक्षा कशाला. हे खोटं आहे. १९८४ मध्ये लेझरडिस्कवर ‘किंग काँग’ आला तेव्हा रोनाल्ड हेव्हर नावाचा अभ्यासक चित्रपटावर बोलायला बसवला होता. तो माकड कसं बनवलं ते सांगत होता, नटांची स्तुती करत नव्हता. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ची डीव्हीडी २००१ मध्ये आली, तीत ख्रिस्तोफर रीव्हला उडवण्यासाठी काय काय करून पाहिलं आणि शेवटी झोरान पेरिसिकची झूम जोडलेली प्रक्षेपणाची युक्ती कशी लागू पडली ते समजावून सांगितलंय. प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोन्हींची झूम एकाच वेळी फिरवायची, म्हणजे मागचं दृश्य जिथल्या तिथे राहतं आणि माणूस अंगावर येतो. ती युक्ती कळल्यावर मला तो सिनेमा दुप्पट आवडला. ‘स्पायडरमॅन २’ च्या डिस्कवर डॉक्टर ऑक्टोपसच्या लोखंडी बाहूंची अख्खी हकिगत आहे. त्या चार बाहूंच्या मागे चार-चार माणसं उभी राहून त्यांना हलवत होती, आणि ती माणसं पडद्यावर दिसतात, बोलतात, घामाघूम झालेली दिसतात. अल्फ्रेड मोलिनाइतकंच ते पात्र त्यांचं आहे हे आपोआप पटतं. ‘द डार्क नाइट’मध्ये शिकागोच्या रस्त्यात खराखुरा अवजड ट्रक उलटा केला, तो कसा केला हेही डिस्कवर आहे.

म्हणजे येतं त्यांना. दाखवायचं ठरवलं तर उत्तम दाखवता येतं. पण ट्रक, लोखंड, तार, आग यांचं काम असेल तोपर्यंत कामगार दिसला. काम संगणकावर गेलं आणि संगणक परदेशात गेला, तसा कामगार अदृश्य झाला. आता तर डिस्कच संपत आलीय. ‘नेटफ्लिक्स’नं टपालानं डिस्क पाठवणं २०२३ मध्ये बंद केलं. ‘डिस्ने’नं २०२१ पासून ‘असेम्बल्ड’ ही मार्व्हलच्या पडद्यामागची मालिका काढली. वेळ भरपूर, पैसा भरपूर, आणि तरी भर त्याच गोड मुलाखतींवर. बाकीच्या बहुतेक सिनेमांच्या वाट्याला यूट्यूबवरची दोन मिनिटांची चित्रफीत.

आपल्याकडे तर याची सवय लागण्याआधीच ती मोडली. आपल्या घरांत डीव्हीडीच्या आधी व्हीसीडी आली. एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावायचा, सिनेमा दोन-तीन चकत्यांत तोडलेला असायचा, त्यात पडद्यामागचं काही घालायला जागाच नव्हती. मग मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली, आणि ती वाण्याच्या दुकानातही मिळू लागली. त्या स्वस्ताईनं मला आनंद दिला हे मी नाकारत नाही. पण आपल्या प्रकाशकांनी सिनेमा, चार गाणी आणि पुढच्या सिनेमाची जाहिरात यापलीकडे प्रेक्षकाला काही द्यावं असं मानलंच नाही, आणि आपणही मागितलं नाही.

आणि हे घडलं कोणत्या मातीत? ज्या मातीत आपला पडद्यामागचा भाग जन्माला आला त्या मातीत. १९१७ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपट काढला. त्याचे तुकडे आजही शिल्लक आहेत. फाळके त्यात स्वतः दिसतात: नटांना सूचना देताना, फीत हातात धरून तपासताना, जोडताना. हा बोलपटाच्या आधीचा काळ, पहिलं महायुद्ध चालू, कच्च्या फिल्मचे वांधे, आणि या माणसाला वाटलं की प्रेक्षकाला काम दाखवलं पाहिजे. त्याच वर्षी त्यांनी ‘लंकादहन’ काढला, त्यात हनुमान उडाला. आपला पहिला उडणारा नायक आणि आपला पहिला पडद्यामागचा चित्रपट एकाच माणसानं एकाच वर्षात दिला. शिवाय ‘नवयुग’ मासिकात त्याच सुमारास लेखमाला लिहून त्यांनी हा धंदा आपल्याला कसा साधला तेही मराठीत सांगून टाकलं. चमत्कार उघड केला तर लोक यायचे थांबतील अशी भीती त्यांना वाटली नाही. त्यांच्या ‘कालियामर्दन’ची सुरुवात बघा: आधी त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी साध्या रूपात चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, मग ती कृष्ण होते. ही आमची मुलगी, आता ती कृष्ण होणार, बघा. प्रेक्षकाला विश्वासात घेण्याची यापेक्षा सुंदर रीत मी आजवर पाहिलेली नाही.

फाळक्यांच्याही लघुपटात एक उणीव आहे आणि ती मी लपवणार नाही. सरस्वतीबाई कुठे आहेत? फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सगळं त्या बाईंनी केलं. पहिल्या मराठी चित्रपटकारखान्याची पहिली तंत्रज्ञ ती. आपण तिला नुसती फाळक्यांची पत्नी म्हणून ओळखतो. म्हणजे मधल्या माणसाला वगळायची खोड शंभर वर्षांपूर्वीचीही आहे, नुसती हॉलिवूडची नाही.

तीच खोड पुढे चालू राहिली. प्रभातच्या ‘संत तुकाराम’च्या अखेरीला तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला निघतात. हा सिनेमा १९३६ चा, पुण्यातला, आणि ज्यांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते त्यांचा. ते विमान कसं उडवलं, कोणत्या फितीवर कोणती फीत चढवली, तार होती की आरसा होता, हे त्या कारागिरांच्या तोंडून ऐकायला मला काय वाटेल ते द्यायची तयारी आहे. ती माणसं गेली. ज्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे जानेवारी २००३ मध्ये आग लागून नायट्रेटवरच्या जुन्या फिती जळाल्या. १६ सप्टेंबर २०१७ ला चेंबूरचा आर. के. स्टुडिओ जळाला, त्यात राज कपूर यांच्या चित्रपटांतले पोशाख आणि वस्तू गेल्या. आमच्या राजबागेत ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’च्या वेळी झीनत अमानच्या गालावरचा भाजल्याचा डाग रोज नव्यानं बसवावा लागला असणार. आधीच्या दिवशीच्या शॉटशी तो जुळायला हवा, उन्हात वितळता कामा नये, पाण्यात सुटता कामा नये. अख्खा चित्रपट त्या गालावर उभा आहे. तो डाग लावणाऱ्या हाताला कोणी प्रश्न विचारला नाही, चित्रपटाच्या डिस्कवर काय, इथल्या गावात काय.

१९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यानं वस्तू हवेत नाचवल्या. अदृश्य माणूस दाखवायचा होता. लोक त्यांना काळा धागा म्हणूनच ओळखू लागले. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, ‘मिस्टर इंडिया’त पुन्हा अदृश्य माणूस आला आणि त्यातले चमत्कार पीटर परेरांनी संगणकाशिवाय, थेट कॅमेऱ्यात केले. लाल काचेतून अदृश्य माणूस दिसतो ही कल्पना आपल्या पिढीतल्या प्रत्येक पोरानं लाल जिलेटिन डोळ्यांना लावून तपासली आहे. त्या सिनेमातल्या खलनायकाचा संवाद सगळ्यांना पाठ आहे. परेरांचं नाव दहांतल्या किती जणांना सांगता येईल? २०११ च्या ‘रा.वन’ला दृश्य परिणामांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्या सिनेमाची आठवण निघाली की गप्पा रंगतात त्या नायकाच्या निळ्या पोशाखावर. २०१५ मध्ये निखिल महाजननं श्रेयस तळपदेला घेऊन ‘बाजी’ काढला, मराठीला स्वतःचा मुखवटेवाला नायक दिला. हॉलिवूडच्या चहापाण्याच्या खर्चात मराठी सुपरहिरो कसा उभा राहतो, कोणता शॉट पैशाअभावी सोडला, कोणता जुगाड करून साधला, हा पडद्यामागचा भाग मला ‘ॲव्हेंजर्स’च्या दहा डिस्कपेक्षा मोलाचा वाटतो.

या सगळ्याचा सगळ्यात वाईट परिणाम मी रोज गावात बघतो. स्टेशनच्या रस्त्याला खोल्या घेऊन राहणारी ही पोरं त्या पडद्यामागच्या चित्रफिती बघून या धंद्यात येतात. कुठल्या एका संस्थेविषयी मी बोलत नाही, सगळ्या देशात हे चालू आहे. बापानं कर्ज काढलेलं असतं. पोराच्या डोळ्यांपुढे असतो तो डोक्याला हेडफोन लावून राक्षसाच्या आराखड्यावर बोट ठेवणारा हसरा सुपरवायझर, कारण डिस्कनं त्याला तेवढाच एक दाखवलेला असतो. पुढची पहिली काही वर्षं केस आणि बोटं कापण्यात जातात हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळतं. रात्रपाळी, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, आणि एवढं करून आपण काय केलं ते घरी सांगायची बंदी. त्या कामात कमीपणा नाही. भाचा मला एकदा उडत्या दुपट्ट्याची कड कशी धरतात ते समजावून सांगत होता तेव्हा तासभर मी तोंड उघडं टाकून ऐकत बसलो होतो. ती विद्या आहे. पण तिच्याविषयी आधी खरं सांगितलं असतं तर निम्म्या पोरांनी ती विचार करून निवडली असती, आणि निम्म्यांनी दुसरी वाट धरली असती. चित्रफितीतली लबाडी त्यांच्या ऐन पंचविशीतून वसूल होते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. सुपरहिरोचा सिनेमा घरोघरी विकणाऱ्यांनी, डिस्कवर विकोत की ऑनलाइन, एक शॉट निवडावा. फक्त एक. तो कॅमेऱ्यात टिपल्यापासून पडद्यावर येईपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या हातून गेला त्या प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर बसवावं. रोटोवाला पुण्यात असेल तर पुण्यात या. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या, मराठीत बोलला तर खाली अक्षरं द्या. त्यानं कितव्यांदा शॉट परत आल्यावर हात टेकले, कोणती बट सापडत नव्हती, किती वाजता घरी गेला, हे विचारा. आणि नायकाची खाण्याची चार मिनिटं कापून ती जागा याला द्या.

गुप्ततेची अट सिनेमा प्रदर्शित होईपर्यंत समजू शकतो. प्रदर्शित झाल्यावर ती कशासाठी? सिनेमा सगळ्या जगानं पाहिलाय, गुपित कोणतं राहिलं? त्या दिवशी अट आपोआप संपेल असं एक वाक्य करारात घालायला स्टुडिओला दमडीचा खर्च नाही. नामावळीतला कोटा काढून टाकायलाही नाही. नावं वाढली तर दोन मिनिटं गाणं जास्त वाजेल.

मराठी निर्मात्यांना तर परदेशी स्टुडिओची परवानगी लागत नाही. पुढचा मराठी सुपरहिरो जो कोणी काढेल त्यानं पहिल्या दिवसापासून एक कॅमेरा इफेक्टवाल्यांच्या खोलीत ठेवावा. आणि आमच्या गावात चित्रपट शिकणाऱ्या पोरांनी हातात आहे तो मोबाइल घेऊन बाहेर पडावं. ‘मिस्टर इंडिया’च्या, प्रभातच्या जुन्या माणसांच्या हाताखाली शिकलेली माणसं, रंगभूषाकार, तार बांधणारे, लॅबमध्ये फीत धुणारे, मुंबई-पुणे-कोल्हापुरात अजून आहेत. काही ऐंशी ओलांडलेले आहेत. प्रोजेक्टचा विषय पुढच्या सत्रात ठरवू म्हणणाऱ्या मास्तरांना सांगा की पुढच्या सत्रापर्यंत थांबायला त्या माणसांकडे वेळ नाही, आणि या शनिवारीच जा.